‘डेव्ह्ज रिडिस्ट्रिक्टिंग’ : मतदारसंघांच्या नकाशांचे मोफत साधन कितपत उपयोगी?

अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाच्या निवडणुकीचे अंदाज वाचणाऱ्यांपुढे २०२५ च्या उन्हाळ्यापासून एक नवी अडचण उभी आहे. कोणता उमेदवार पुढे आहे हा प्रश्न नंतरचा; तो कोणत्या सीमारेषांच्या आत उभा राहणार हेच काही राज्यांत अखेरच्या क्षणापर्यंत ठरत नव्हते. टेक्सासने ऑगस्टमध्ये नवा नकाशा मंजूर केला आणि कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ४ नोव्हेंबर रोजी सुमारे ६४ टक्के मतांनी प्रस्ताव ५०, म्हणजे डेमोक्रॅटांना अनुकूल असा नवा नकाशा, संमत करून त्याला उत्तर दिले. मिसूरी, नॉर्थ कॅरोलायना आणि ओहायो यांनी आपापल्या रेषा हलवल्या, युटामध्ये न्यायालयाने त्या हलवायला लावल्या आणि इंडियानाच्या सिनेटने मात्र ११ डिसेंबर रोजी ३१ विरुद्ध १९ मतांनी असा प्रस्ताव फेटाळला. एरवी हे काम दर १० वर्षांनी, जनगणनेनंतर, एकदाच होते. मधल्या काळात ते करण्यावर संघराज्याच्या कायद्यात मनाई नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच, टेक्सासच्याच एका खटल्यात मान्य केले होते. आता त्या मोकळीकीचा पुरेपूर वापर सुरू झाला आहे.

या सगळ्या घडामोडी केवळ बातम्या वाचून समजत नाहीत, त्यासाठी नकाशा समोर लागतो, आणि तो समोर ठेवणारे सर्वांत परिचित मोफत साधन म्हणजे ‘डेव्ह्ज रिडिस्ट्रिक्टिंग’ हे संकेतस्थळ. सिएटल परिसरातील सॉफ्टवेअर अभियंते डेव्ह ब्रॅडली यांनी साधारण दीड दशकापूर्वी त्याची पहिली आवृत्ती तयार केली. २०२० च्या जनगणनेच्या आधी स्वयंसेवकांच्या एका लहान गटाने ते नव्याने बांधले आणि आज ते कोणत्याही ब्राउझरमध्ये चालते. हे परीक्षण त्या साधनाचे आहे. पण २०२६ ची निवडणूक, तिच्यासाठी आखलेले नकाशे आणि त्यांवरचे खटले समजून घेण्यासाठी ते कुठवर सोबत करते आणि कुठे हात टेकते, या एकाच बाजूने ते केले आहे.

सुरुवात स्वतः रेषा ओढण्यापासून करू नये, असे मी सुचवीन. संकेतस्थळावर प्रत्येक राज्याचे अधिकृत नकाशे आयतेच उपलब्ध आहेत, त्यात प्रतिनिधीगृहाचे मतदारसंघ आहेत तसेच राज्य विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांचेही आहेत. पाहण्यासाठी खाते उघडावे लागत नाही. टेनेसीचा नकाशा उघडून नॅशव्हिल शहरावर नजर टाकावी. डेव्हिडसन काऊंटी (काऊंटी म्हणजे राज्याचा जिल्ह्यासारखा विभाग), म्हणजे हे शहर, २०२२ पर्यंत एकाच मतदारसंघात होते आणि तेथून डेमोक्रॅट निवडून येत असे; नव्या नकाशात त्याचे तीन तुकडे झाले आणि प्रत्येक तुकडा आजूबाजूच्या विस्तीर्ण ग्रामीण भागाला जोडला गेला. तिन्ही जागा आज रिपब्लिकन पक्षाकडे आहेत. मग युटाचा २०२१ चा नकाशा पाहावा. तेथे सॉल्ट लेक काऊंटी चारही मतदारसंघांत वाटून टाकलेली दिसते. विरोधकांची मते अशी विखुरणे ही एक युक्ती आणि ती सगळी एका जागेत कोंबून शेजारच्या जागा मोकळ्या करणे ही दुसरी. पक्षपाती आखणीचे बहुतेक सगळे प्रकार या दोहोंच्या मिश्रणातून तयार होतात. मतदान केंद्रांची क्षेत्रे रंगांनी भरलेली आणि त्यांवरून जाणारी जाड सीमारेषा असे चित्र दोन मिनिटे पाहिले, की या दोन युक्त्यांबद्दल वाचलेली पाने अनावश्यक वाटू लागतात. साधनाचे हे पहिले आणि माझ्या मते सर्वांत मोठे यश आहे.

दुसरी पायरी स्वतः नकाशा आखण्याची. त्यासाठी मोफत खाते लागते. राज्य निवडायचे, रंग घ्यायचा आणि एकेक प्रिसिंक्ट (मतदान केंद्राचे क्षेत्र), हवे तर संपूर्ण काऊंटी किंवा अगदी जनगणनेचा एकेक ब्लॉक, त्या रंगात आणायचा. बाजूच्या पट्टीत लोकसंख्या, वांशिक प्रमाण आणि पक्षनिहाय मतांचे आकडे त्याच क्षणी बदलत जातात. हे काम गुंतवून ठेवणारे आहे आणि काहीसे नम्र करणारेही. २०२० च्या जनगणनेनुसार प्रतिनिधीगृहाच्या एका मतदारसंघात सरासरी ७ लाख ६१ हजार लोक येतात, आणि १९६४ च्या वेसबेरी खटल्यापासून राज्यातील सर्व मतदारसंघांची लोकसंख्या शक्य तेवढी समान ठेवणे बंधनकारक आहे. एका टोकाला हजार माणसे कमी पडली म्हणून शेजारची वस्ती ओढून घ्यावी, तर तिसऱ्याच ठिकाणी एखादे शहर दुभंगते. प्रत्येक वाकडी रेषा कुणाच्या तरी कपटातूनच आली असावी, हा समज या टप्प्यावर बराच सैल होतो. साधन समानतेच्या बाबतीत न्यायालयापेक्षा उदार आहे, हे मात्र लक्षात ठेवावे: टक्क्याच्या आतला फरक ते स्वीकारार्ह मानते, तर १९८३ च्या कार्चर खटल्यात न्यू जर्सीचा एक टक्क्यापेक्षाही कमी फरकाचा नकाशा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला होता. राज्ये म्हणूनच प्रतिनिधीगृहाच्या बाबतीत सहसा एकेका माणसाचा हिशेब लावतात.

नकाशा पूर्ण झाला की विश्लेषणाच्या पानावर त्याला पाच कसोट्यांवर शून्य ते शंभर गुण मिळतात. मतांच्या प्रमाणात जागा, चुरशीच्या जागांची संख्या, अल्पसंख्याकांचे प्रतिनिधित्व, मतदारसंघांचा आटोपशीरपणा आणि काऊंट्यांची फोडाफोड या त्या पाच कसोट्या. पंचकोनी आलेखावर दोन नकाशे शेजारी ठेवून तुलना करता येते. पाचही कसोट्यांची बेरीज करून एकच अंतिम गुण देण्याचा मोह निर्मात्यांनी टाळला आहे, आणि हा निर्णय मला फार योग्य वाटतो, कारण या कसोट्या एकमेकींच्या विरोधात ओढतात. चुरशीच्या जागा वाढवायला गेले तर काऊंट्या फुटतात. काऊंट्या अखंड ठेवल्या तर अल्पसंख्याक विखुरतात. यांपैकी काय महत्त्वाचे हे ठरवणे राजकीय काम आहे आणि यंत्राने ते माणसावरच सोडले आहे.

पण गुणांचा अर्थ लावताना वाचकाने सावध राहावे, विशेषतः पहिल्या कसोटीबाबत. मॅसॅच्युसेट्सचे उदाहरण घ्या. तेथे प्रतिनिधीगृहाच्या ९ जागा आहेत आणि अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवाराला साधारण एक तृतीयांश मते मिळतात; तरीही १९९४ नंतर त्या राज्यातून एकही रिपब्लिकन प्रतिनिधी निवडून आलेला नाही. प्रमाणाच्या कसोटीवर हे चित्र वाईटच दिसणार. प्रत्यक्षात मून डुशीन आणि त्यांच्या सहकारी गणितज्ञांनी जुन्या निवडणुकांचे आकडे तपासून दाखवले, की त्या राज्यात रिपब्लिकन मते इतकी सारखी पसरलेली होती, की त्यांपैकी काही निवडणुकांमध्ये त्यांच्या बहुमताचा एकही मतदारसंघ आखणे शक्य नव्हते. हे पटत नसेल तर साधन उघडून स्वतः प्रयत्न करावा. त्यापेक्षा चांगला धडा नाही. विस्कॉन्सिनमध्ये गोष्ट उलट आहे. मिलवॉकी आणि मॅडिसन या दोन शहरांत डेमोक्रॅटिक मते एकवटलेली असल्यामुळे निष्पाप मनाने आखलेला नकाशाही रिपब्लिकन पक्षाकडे थोडा झुकतो. म्हणजे कमी गुण हा गुन्ह्याचा पुरावा नसून चौकशीला कारण आहे. भूगोलाचा वाटा किती आणि हेतूचा किती हे वेगळे काढायचे असेल तर संगणकाने पक्षाकडे न पाहता हजारो नकाशे आखून त्यांच्याशी तुलना करावी लागते, आणि ती सोय या साधनात नाही. हार्वर्डच्या ‘अलार्म’ प्रकल्पाने अशा नकाशांचे संच राज्याराज्यांसाठी प्रसिद्ध केले आहेत. दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत.

आटोपशीरपणाच्या कसोटीवर तर माझा विश्वास दिवसेंदिवस कमी होत चालला आहे. पेनसिल्व्हेनियाच्या २०११ च्या नकाशातला सातवा मतदारसंघ इतका विचित्र होता, की त्याला कार्टूनमधल्या पात्रांचे नाव पडले होते. २०१२ मध्ये त्या नकाशावर डेमोक्रॅटांना राज्यभरात किंचित अधिक मते मिळूनही १८ पैकी १३ जागा रिपब्लिकनांना गेल्या. तेथे डोळ्यांना दिसणारे आणि निकालात उमटलेले एकमेकांशी जुळत होते. नॉर्थ कॅरोलायनाच्या २०१६ च्या नकाशाचे तसे नव्हते. तो आधीच्या नकाशापेक्षा कितीतरी नेटका होता, आणि तरीही त्याच्या निर्मितीत पुढाकार घेणारे राज्याचे आमदार डेव्हिड लुईस यांनी समितीसमोर उघडपणे सांगितले होते, की १० जागा रिपब्लिकनांना आणि ३ डेमोक्रॅटांना मिळाव्यात अशी आखणी आपण करत आहोत, कारण ११ विरुद्ध २ असा नकाशा काढणे शक्य आहे असे आपल्याला वाटत नाही. त्या वर्षी निम्म्याहून थोड्या अधिक मतांवर पक्षाने १३ पैकी नेमक्या १० जागा जिंकल्या. संगणक हाती आल्यापासून कुरूप रेषा ओढण्याची गरजच उरलेली नाही.

साधनाचा सर्वांत समृद्ध आणि सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे निवडणुकांच्या माहितीची निवड. पडद्यावर दिसणारा लाल किंवा निळा रंग हा कोणत्या तरी एका जुन्या निवडणुकीचा, किंवा अनेक निवडणुकांच्या सरासरीचा, रंग असतो, आणि ती निवडणूक बदलता येते. टेक्सासचा २०२५ चा नकाशा वाचताना हे केल्यावाचून काहीच कळत नाही. राज्याच्या ३८ जागांपैकी २५ रिपब्लिकनांकडे होत्या; अध्यक्ष ट्रम्प यांच्या आग्रहावरून आणखी ५ मिळवण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. डॅलस, ह्यूस्टन, ऑस्टिन ते सॅन अँटोनियोचा पट्टा आणि दक्षिणेकडील सीमाभाग येथील मतदारसंघ त्यासाठी बदलले. यांपैकी काही जागांत लॅटिनो मतदार मोठ्या संख्येने आहेत आणि या जागा जिंकण्याचा हिशेब २०२४ च्या मतांवर उभा आहे. सीमेवरची स्टार काऊंटी घ्या: २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना तेथे जवळपास ८० टक्के मते होती, आणि २०२४ मध्ये ट्रम्प यांनी ती जिंकली, शंभराहून अधिक वर्षांत रिपब्लिकन उमेदवाराने ती जिंकण्याची ही पहिलीच वेळ. साधनात २०१६ ची किंवा २०२० ची मते निवडली तर दक्षिणेकडचे काही मतदारसंघ निळसर दिसतात. २०२४ ची निवडली तर ते लाल होतात. रेषा त्याच, माणसे तीच. आखणाऱ्याने कोणत्या वर्षावर पैज लावली आहे हे त्यातून दिसते, आणि ती पैज हरण्याची शक्यताही. हक्काच्या जागांतली मते काढून ती नव्या जागांत पातळ पसरवायची, आणि वारा फिरला की दोन्हीकडे पाणी सोडायचे, असे प्रकार यापूर्वी घडले आहेत. वर्तमानपत्रांतले ‘पाच जागांचा फायदा’ हे शब्द या एका बटणामुळे बरेच सापेक्ष वाटू लागतात.

आता न्यायालयांकडे वळू, कारण साधनाची खरी कसोटी तेथे लागते. अल्पसंख्याकांच्या प्रतिनिधित्वाची मोजणी मुळात १९६५ च्या मतदान हक्क कायद्याच्या, मतदानात वांशिक भेदभावाला मनाई करणाऱ्या कलम २ शी जोडलेली आहे. १९८६ च्या गिंगल्स निकालानुसार दाद मागणाऱ्याने आधी हे दाखवायचे असते, की अल्पसंख्याक समूह पुरेसा मोठा आणि पुरेसा एकवटलेला आहे आणि त्याच्या बहुमताचा मतदारसंघ वाजवी रीतीने आखता येतो. म्हणजे नकाशा काढून दाखवायचा असतो. अलाबामाच्या खटल्यात वादींनी असे ११ नमुना नकाशे सादर केले आणि जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्यांच्या बाजूने निर्णय दिला. पुढे साउथ कॅरोलायनाच्या प्रकरणात, मे २०२४ मध्ये, बहुमताच्या निकालपत्रात न्यायमूर्ती अलिटो यांनी पर्यायी नकाशाचे महत्त्व आणखी वाढवले. राज्य जर म्हणत असेल की आम्ही वंश नव्हे तर पक्ष पाहून रेषा ओढल्या, तर तेच पक्षीय उद्दिष्ट साधणारा पण वांशिक समतोल राखणारा दुसरा नकाशा वादींनी पुढे ठेवावा, नाहीतर ती उणीव त्यांच्याविरुद्ध धरली जाईल, असा त्याचा आशय. या निकालाची विचित्र बाजू अशी, की अन्यायाविरुद्ध दाद मागणाऱ्याला आधी तितकाच पक्षपाती नकाशा स्वतः आखता यावा लागतो. हे काम सामान्य नागरिकालाही करून पाहता येते ही या साधनाची मोठीच देणगी आहे. अर्थात न्यायालयात साक्ष देणारे तज्ज्ञ आणि विधिमंडळांचे सल्लागार बहुधा ‘मॅप्टिट्यूड’सारखे विकतचे व्यावसायिक सॉफ्टवेअर वापरतात. लुइझियानाच्या खटल्यात ऑक्टोबर २०२५ मध्ये झालेल्या फेरयुक्तिवादाचा विषय तर कलम २ च्या मुळाशी जाणारा होता: कृष्णवर्णीय बहुमताचा दुसरा मतदारसंघ हेतुपुरस्सर आखणे हेच घटनेशी विसंगत ठरते का? ही कसोटी ज्या कायद्यावर उभी आहे त्याचा अर्थ बदलला, तर साधनातले गुण तेच राहतील आणि त्यांचे वजन मात्र बदलेल.

येथून पुढे साधन मागे पडते. मतांच्या प्रमाणाचे, वाया गेलेल्या (हरलेल्याला पडलेल्या किंवा विजेत्याला गरजेहून जास्त पडलेल्या) मतांतील तफावतीचे आणि पक्षीय झुकावाचे जे आकडे ते इतक्या मेहनतीने काढते, ते संघराज्याच्या न्यायालयात २०१९ पासून चालत नाहीत. २७ जून २०१९ रोजी रुचो खटल्यात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी ५ विरुद्ध ४ अशा बहुमताने ठरवले, की टोकाची पक्षीय आखणी लोकशाही तत्त्वांशी विसंगत असली तरी तिचा न्याय करणे संघीय न्यायालयांच्या कक्षेत येत नाही. उपाय राज्यांनी, त्यांच्या घटनांनी आणि आयोगांनी शोधावा. तेव्हापासून एकाच आकड्याचा अर्थ राज्याची हद्द ओलांडली की बदलतो, आणि कधीकधी हद्द न ओलांडताही. नॉर्थ कॅरोलायनाच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये पक्षपाती नकाशा त्या राज्याच्या स्वतःच्या घटनेच्या विरोधात ठरवला; न्यायालयाच्या देखरेखीखाली आखलेल्या नकाशावर त्या वर्षी ७ आणि ७ अशा जागा विभागल्या गेल्या. त्याच नोव्हेंबरमध्ये न्यायाधीशांच्या निवडणुकीत बहुमत रिपब्लिकनांकडे गेले आणि एप्रिल २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने स्वतःचा निकाल फिरवला. नव्या नकाशावर २०२४ मध्ये १० विरुद्ध ४ असा निकाल लागला. त्या वर्षी प्रतिनिधीगृहात एकूण बलाबल २२० विरुद्ध २१५ होते; या तीन जागा उलट्या पडल्या असत्या तर बहुमत डेमोक्रॅटांचे झाले असते. साधनात २०२२ चा आणि २०२४ चा असे दोन्ही नकाशे शेजारी ठेवता येतात आणि गुणांतला फरक लगेच दिसतो. दोन्हींच्या मध्ये घडलेली न्यायाधीशांची निवडणूक मात्र पंचकोनी आलेखाच्या कोणत्याच टोकावर नाही.

दुसरी गैरहजर गोष्ट म्हणजे तारीख. २००६ च्या पर्सेल निकालापासून सर्वोच्च न्यायालयाचा पवित्रा असा आहे, की मतदान जवळ आले असताना संघीय न्यायालयांनी निवडणुकीचे नियम बदलू नयेत. ऐकायला हे समंजस वाटते. परिणाम पाहा: अलाबामाचा नकाशा खालच्या न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये रोखला, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारीत त्या आदेशाला स्थगिती दिली, नोव्हेंबरमध्ये त्याच नकाशावर निवडणूक झाली, आणि तो कायद्याच्या विरोधात असल्याचा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला तेव्हा जून २०२३ उजाडला होता. मॉंटगोमेरी आणि मोबिल यांना जोडणाऱ्या नव्या मतदारसंघातून शोमारी फिगर्स निवडून आले ते २०२४ मध्ये. टेक्सासमध्ये हाच वेग उलट्या टोकाने दिसला. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी तीन न्यायाधीशांच्या पीठाने २ विरुद्ध १ मतांनी नवा नकाशा वंशाच्या आधारावर आखला गेल्याचे सकृद्दर्शनी मानून रोखला. उमेदवारी अर्जांची मुदत ८ डिसेंबरला संपत होती. ४ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश स्थगित केला. कारणांत पर्यायी नकाशा सादर न केल्याचा मुद्दा होता आणि सुरू झालेल्या प्राथमिक (पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या) निवडणुकीत पीठाने हस्तक्षेप केल्याचाही. ३ मार्च २०२६ च्या प्राथमिक निवडणुकीसाठी त्यामुळे नवा नकाशा कायम राहिला. खटल्याचा अंतिम निकाल काहीही लागो, एका निवडणुकीपुरता तो नकाशा जिंकला. माझ्या दृष्टीने या संपूर्ण विषयातली ही कळीची गोष्ट आहे, आणि एखाद्या नकाशाचे गुण पाहून ‘हा न्यायालयात टिकणार नाही’ असे भाकीत करणाऱ्यांनी गुणांइतकेच दिनदर्शिकेकडे पाहावे.

राज्य विधिमंडळांच्या बाबतीत हे साधन अधिक लाभदायक ठरते असे मला वाटते, कारण त्या नकाशांकडे माध्यमांचे लक्ष कमी असते आणि राज्यांच्या घटनांतल्या अटी बऱ्याचदा साध्या, मोजता येण्याजोग्या असतात. विस्कॉन्सिनमध्ये २०१८ साली विधानसभेसाठी डेमोक्रॅटांना राज्यभरात सुमारे ५३ टक्के मते मिळून ९९ पैकी ३६ जागा मिळाल्या होत्या. डिसेंबर २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नकाशे रद्द केले ते पक्षपाताच्या कारणाने नव्हे. मतदारसंघाचा प्रदेश सलग असावा ही त्या राज्याच्या घटनेची अट, आणि ९९ पैकी किमान ५० मतदारसंघांत मुख्य भागापासून तुटलेले तुकडे होते. हा आधार पुरला. तुटलेले तुकडे दाखवून देणे या साधनाला सहज जमते. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवे नकाशे कायद्याने लागू झाले आणि त्या नोव्हेंबरमध्ये विधानसभेतले अंतर ६४ विरुद्ध ३५ वरून ५४ विरुद्ध ४५ वर आले. बहुमत बदलले नाही. भूगोलाबद्दल वर जे म्हटले त्याचा हा पडताळाच.

पर्यायांविषयी थोडक्यात. प्रिन्स्टनच्या गेरीमँडरिंग (पक्षपाती सीमाआखणी) प्रकल्पाची प्रगतिपुस्तके नकाशाला अक्षरश्रेणी देतात. वाचायला झटपट, पण स्वतः काही करून पाहण्याला तेथे वाव नाही. ‘प्लॅनस्कोअर’ पक्षीय झुकावाची मापे अधिक काटेकोरपणे आणि ऐतिहासिक तुलनेसह देते. खटल्यांच्या बातम्या नियमित वाचणाऱ्याला ते उपयोगी पडेल. ‘डिस्ट्रिक्टर’ हे वापरायला सर्वांत सोपे आहे आणि वस्त्यांनी आपली ओळख नकाशावर मांडावी या हेतूने बनलेले असल्यामुळे जनसुनावण्यांसाठी चांगले. माहितीची खोली, अधिकृत नकाशांचा साठा आणि आखण्याचे स्वातंत्र्य या तिन्ही गोष्टी एकत्र हव्या असतील तर ‘डेव्ह्ज रिडिस्ट्रिक्टिंग’ला तोड नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. संकेतस्थळ इंग्रजीत आहे आणि परिभाषा भरपूर. मदतीची पाने नीट वाचल्याशिवाय प्रगत मापांच्या पानावर जाऊ नये. मोठा पडदा आणि माऊस असल्याशिवाय आखणीच्या फंदात पडू नये, हे तर उघडच आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे विद्यमान प्रतिनिधीचे वैयक्तिक वजन, उमेदवाराची निवड, मतदानाची टक्केवारी यांना येथे स्थान नाही. त्यामुळे रंगांवरून जागा मोजून २०२६ चा निकाल सांगता येणार नाही. आणि हेच साधन पक्षपाती नकाशे आखू पाहणाऱ्यांनाही तितकेच खुले आहे, प्रत्येक राज्यातून जास्तीत जास्त जागा पिळून काढणारे हौशी नकाशे तेथे मुबलक सापडतात. मला यात गैर वाटत नाही, उलट विधिमंडळाने आपला नकाशा अपरिहार्य होता असे म्हटले, की त्याला पडताळून पाहण्याची सोय त्यामुळेच उरते.

अमेरिकेच्या निवडणुकांकडे गंभीरपणे पाहणाऱ्याने, विद्यार्थ्याने, पत्रकाराने आणि तेथे राहून मतदान करणाऱ्या मराठी वाचकाने हे साधन जरूर वापरावे. आपल्या राज्याचा अधिकृत नकाशा उघडावा, निवडणुकीचे वर्ष दोन-तीनदा बदलून पाहावे, आणि दुसऱ्या खिडकीत त्या राज्यातल्या प्रलंबित खटल्याची स्थिती व उमेदवारी अर्जांची मुदत उघडी ठेवावी. मिसूरीचे प्रकरण या सरावाला उत्तम आहे: कॅन्सस सिटीचा मतदारसंघ फोडणारा नकाशा सप्टेंबर २०२५ मध्ये राज्यपालांच्या सहीने कायदा झाला, विरोधकांनी डिसेंबरमध्ये ३ लाखांहून अधिक सह्यांचा सार्वमताचा अर्ज दाखल केला, आणि त्यानंतर कोणत्या रेषा लागू आहेत हा वाद नकाशावरून निघून थेट न्यायालयात आणि निवडणूक अधिकाऱ्यांच्या टेबलावर गेला. जुना आणि नवा असे दोन्ही नकाशे साधनात शेजारी ठेवावेत आणि मगच त्या वादाच्या बातम्या वाचाव्यात.